वसई आणि उज्जयिनी

उज्जैनच्या माधवनगरापासून वसईचा किल्ला शेकडो मैल दूर आहे. एक नगर क्षिप्रेच्या काठी, माळव्याच्या काळ्या मातीत वसलेले. दुसरे खाडीच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्यात उभे. तरीही या दोन स्थळांचा ऋणानुबंध जुना आहे. ज्या राणोजी शिंदे यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले आणि ज्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेच राणोजी वसईच्या मोहिमेत होते. माळव्यातील मराठी घरांत वसईचे नाव निघते ते बहुधा चिमाजीअप्पांच्या पराक्रमाच्या संदर्भात. परंतु वसईचा इतिहास एका मोहिमेत संपत नाही; आणि त्याच्या अखेरच्या प्रकरणात उज्जैनचे नाव ज्या रीतीने येते, ते आठवणे फारसे सुखाचे नाही.

वसईचा कोट पोर्तुगीजांचा म्हणून प्रसिद्ध असला तरी तेथला मुलूख त्यांच्याहून कितीतरी प्राचीन आहे. कोटापासून थोड्याच अंतरावरचे सोपारे हे पूर्वीचे शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत सोपाऱ्याचे नाव आहे. त्याच ग्रंथात उज्जयिनीहून भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मलमलीचा आणि गोमेदासारख्या रंगीत खड्यांचाही उल्लेख आहे. राजपुत्र असताना अशोक उज्जयिनीचा कारभार पाहत होता, आणि पुढे सम्राट झाल्यावर त्याने आपल्या धर्माज्ञा ज्या स्थळी कोरविल्या त्यांत सोपारे होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली येथे आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. बुरूड राजाचा कोट म्हणून गावकरी ज्या टेकाडाला ओळखत, तेथे त्याच वर्षी त्यांनी खणून पाहिले, तेव्हा आतून बौद्ध स्तूप निघाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्याच भुईगावात मिळाला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे सम्राटाचे शब्द ज्या मातीत पडून राहिले, त्या मातीत पोर्तुगीज हे अगदी अलीकडचे पाहुणे म्हटले पाहिजेत.

ते आले मात्र पाहुण्यासारखे नव्हेत. सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वसईवर गुजरातच्या सुलतानाचा अंमल होता. बहादुरशहाने १५३१ साली मांडवगड घेऊन माळव्याची सलतनत बुडविली. त्यामुळे काही काळ माळवा आणि वसई यांचा धनी एकच होता. उत्तरेकडून हुमायून चाल करून येणार हे दिसताच बहादुरशहास समुद्राकडून होणारा उपद्रव थांबविणे भाग पडले. पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने तह केला आणि वसई, तिच्याखालील बेटे व समुद्र यांसह, पोर्तुगालच्या राजास देऊन टाकली. मुंबईची बेटेही त्या देण्यातच गेली. पुढच्याच वर्षी हुमायूनने बहादुरशहास माळव्यातून हुसकून लावले आणि १५३७ साली दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत त्याचा अंत झाला. एका राज्याचे संकट टाळण्यासाठी किनारा परक्यास लिहून द्यावयाचा आणि संकट तर टळू नये, हा प्रकार वसईच्या इतिहासात पुढे आणखी एकदा घडावयाचा होता.

गार्सिया द सा हा वसईचा पहिला कप्तान. आधी एक लहानसा बालेकिल्ला झाला आणि मग हळूहळू त्याच्याभोवती दगडी तटाचे संपूर्ण नगर उभे राहिले. तटास दहा बुरूज, एक दरवाजा जमिनीकडे आणि एक दर्याकडे. उत्तर कोकणातील सर्व पोर्तुगीज ठाण्यांचे, म्हणजे दमणपासून चौलपर्यंतच्या मुलखाचे, हे मुख्य शहर होते. आज जिच्या पसाऱ्यात वसई जवळजवळ गडप झाली आहे ती मुंबई त्या काळी वसईच्या ताब्यातील एक उपेक्षित बेट होती. वनस्पतींवरील ग्रंथामुळे कीर्ती पावलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने ते बेट खंडाने घेतले होते. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहानिमित्त १६६१ साली ते इंग्लंडच्या राजाकडे गेले आणि १६६५ साली प्रत्यक्ष इंग्रजांच्या हाती पडले. हे बेट देऊ नये असे येथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे मत होते, आणि ते किती दूरदृष्टीचे होते हे काळाने दाखविले.

कोटाच्या आत मुख्यतः पोर्तुगीज उमरावांची घराणी राहत. रुंद रस्ते, दुमजली वाडे, त्यांचे सज्जे, पालख्या, गुलाम आणि मेजवान्या असा त्यांचा थाट होता. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांची चर्चे आणि मठ त्या एवढ्याशा नगरात होते. वसईच्या खाणींतील दगड इतका नामांकित होता, की गोव्यातील चर्चांसाठीही तो गलबतांतून नेत. वसईची आई आणि पोर्तुगीज बाप यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया येथल्या जेझुइटांच्या हाताखाली वाढला, व्यापारानिमित्त जपान-मकावकडे गेला, पुढे फिलिपीन्समध्ये फ्रान्सिस्कन पंथात शिरला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यास क्रुसावर खिळून मारण्यात आले. रोमने १८६२ साली त्यास संतपद दिले. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय.

हे वैभव पोसले होते कोटाबाहेरच्या मुलखाने. भाताची खाचरे, केळी-पानवेलींच्या बागायती, रहाटाच्या विहिरी, डोंगरातले सागवान, खाडीतली मासळी आणि मीठ, हे सारे ज्यांच्या श्रमांतून येत होते ते वाडवळ, कुणबी, कोळी, भंडारी, आगरी कोटाच्या बाहेर राहत. गावेच्या गावे पोर्तुगीज घराण्यांस आणि धर्मसंस्थांस इनामासारखी लावून दिलेली असत. त्यांनी राजास ठरावीक 'फोरो' द्यावयाचा आणि कुळांकडून वसूल करावयाचा. त्या शब्दाची आठवण मुंबईतील फोरास रोडच्या नावात राहिली आहे. देवळे पाडण्यात आली, तीर्थस्थाने उजाड झाली, उघड्यावर सणवार करण्यास बंदी आली. निर्मळचे पुण्यक्षेत्र यात्रेकरूंना दुरावले. पुष्कळांनी धर्म बदलला, कोणी सक्तीने, कोणी सवलतीसाठी, कोणी श्रद्धेने. पण भाषा, पोशाख, लग्नातली गाणी आणि जातीची ओळखदेखील बहुतेकांनी सोडली नाही. उलट राज्यकर्त्यांचेच शब्द येथल्या बोलीत मुरले. चावी, बादली, साबण, पगार, लिलाव, घमेले, बिजागरी, तुरुंग हे शब्द अशा किनाऱ्यावरूनच घाट चढून आले. माळव्यातल्या मराठी घरात चावी हरवली म्हणजे घरभर पोर्तुगीज शब्दाचाच शोध चालतो, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

तटाच्या आत आणि तटाच्या बाहेर यांतले अंतर १६७४ साली फार विदारक रीतीने उघडे पडले. मस्कतच्या सहाशे अरब चाच्यांनी किनाऱ्यावर उतरून कोटाबाहेरची चर्चे लुटली, लोकांवर नाना तऱ्हेचे अत्याचार केले. आणि हे चालू असता किल्ल्यातले शिबंदीचे लोक दरवाजे लावून आत बसून राहिले. त्याच सुमारास शिवछत्रपतींचे मोरोपंत कल्याणास येऊन वसईच्या उत्पन्नाची चौथाई मागू लागले होते. रयतेचे रक्षण करण्याची ज्याची हिंमत नाही त्याने वसूल कोणत्या तोंडाने घ्यावा, हा प्रश्न तेव्हापासून त्या मुलखात विचारला जाऊ लागला असला तर नवल नाही.

वसईच्या मोहिमेचा उगम पुण्याच्या दरबारात शोधण्याची चाल आहे. खरे पाहता तो या मुलखातच होता. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळील अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेपा घातल्या. त्यांनी ठाण्यांची बित्तंबातमी मिळविली, वाटा आणि उतार हेरले, गावागावांतील माणसे जोडली. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले ते या तयारीच्या बळावर. ठाण्याचा कोट अद्याप पुरा झालेला नव्हता. साष्टी हां हां म्हणता हाती आली. वसई मात्र हाती येईना. तिच्या तीन बाजूंस पाणी आणि दलदल. चौथ्या बाजूस, उत्तरेकडे, वाळूची उघडी पट्टी आणि समोर तोफांनी सज्ज तट. पहिले हल्ले वाया गेले.

याच काळात माळव्यात दुसरे नाट्य चालू होते. १७३७ च्या अखेरीस बाजीरावांनी निजामास भोपाळपाशी कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहे येथे त्यास तह करावयास लाविले. या रणांगणावरचे शिंदे-होळकर तेथून मोकळे झाले तेव्हाच कोकणात खरे बळ लावणे शक्य झाले. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. त्यानंतर चिमाजीअप्पांनी किनाऱ्याची ठाणी एकामागून एक उचलली: जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर. तारापुरावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घराण्यास सख्ख्या भावासारखा असलेला हा सरदार गेल्याचे दुःख चिमाजीअप्पांना फार झाले. वाटेत वज्रेश्वरीस त्यांनी नवस केला होता, वसई हाती आली तर देवीचे मंदिर बांधीन म्हणून. ते मंदिर आज आहे.

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वसईचा वेढा चालला. त्या वसंतात नादिरशहा दिल्लीत होता, राजधानीत कत्तल झाली होती आणि बाजीराव उत्तरेच्या चिंतेत होते. पण मराठी फौजेचा मोठा भाग वसईच्या वाळूत गुंतून पडला होता. पावसाळा तोंडावर होता. मृगाचा पाऊस सुरू झाला की वेढा उठणार हे आतल्यांस आणि बाहेरच्यांस सारखेच ठाऊक होते. किल्ल्यातील पोर्तुगीजही शौर्यात कमी नव्हते. त्यांचा सेनापती तटावर लढता लढता मारला गेला. मुंबईच्या इंग्रजांनी शेजारधर्म म्हणून पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चातील चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन! खंदकाखालून सुरुंग नेण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालले. मे महिन्यात सुरुंगांना बत्ती दिली तेव्हा काही उडाले, तट फुटला, लोक भगदाडाकडे धावले. काही सुरुंग मागाहून उडाले आणि धावलेल्या मराठ्यांवरच दगडांचा वर्षाव झाला. तरी लोक मागे सरले नाहीत. किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत पडेल असे करा, असे चिमाजीअप्पा बोलल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या दिवसांतील ईर्ष्या तीत उतरली आहे. सेंट सेबास्टियनच्या बुरुजावर निशाण चढले आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटींवर सह्या केल्या.

त्या अटी हे या मोहिमेचे खरे भूषण होय. हजारो माणूस गमावलेली, चिडलेली फौज दाराशी उभी असताना चिमाजीअप्पांनी शत्रूस शस्त्रांसह, निशाण-नगाऱ्यासह बाहेर पडण्याची मोकळीक दिली. ज्यांना जावयाचे त्यांनी आपले चीजवस्त घेऊन जावे. ज्यांना राहावयाचे त्यांनी आपला धर्म पाळून राहावे. काही चर्चे चालू ठेवावी. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले. यूरोपीय पाद्री गेले, गोव्याकडचे देशी पाद्री मागे राहिले, आणि त्यांच्याबरोबर मराठी बोलणारा ख्रिस्ती शेतकरीही आपल्या बागेत राहिला. जिंकलेल्या चर्चांतील घंटा मात्र मराठ्यांनी उतरविल्या. एक भीमाशंकरास आहे, एक वाईजवळ मेणवलीस, एक नाशकास नारोशंकराच्या देवळात. तिच्या अंगावर रोमन अक्षरे आहेत आणि नाद गोदेच्या घाटावर घुमतो.

वसईस बाजीपूर असे नाव देण्यात आले, शंकराजी केशव फडके सुभ्यावर आले, निर्मळच्या यात्रेस पुन्हा माणसे जमू लागली. विजयाचे शिल्पकार मात्र फार दिवस राहिले नाहीत. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीरावांनी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे देह ठेवला. तेथे त्यांची समाधी बांधविणारे राणोजी शिंदेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजीअप्पा गेले. पाच वर्षांनी राणोजीही गेले.

पुढील साठ वर्षांत वसईने दोनदा धनी बदलला. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्ड याने तोफांच्या भडिमाराखाली ती घेतली. परत मिळाली ती रणात नव्हे, ग्वाल्हेरच्या मुलखातील सालबाई गावी, १७ मे १७८२ च्या तहाने. आणि तो तह घडवून आणणारे होते राणोजींचे पुत्र महादजी शिंदे. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई पेशव्यांस मिळाली. बापाने घेण्यास हात लाविला, मुलाने सोडवून आणली.

तिसऱ्या पिढीत काय झाले?

महादजींच्या मागून गादीवर आलेले दौलतराव आणि तुकोजींचे पुत्र यशवंतराव होळकर यांचे वैर विकोपास गेले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीराव दुसऱ्याने पुण्यात यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना हत्तीच्या पायी देऊन मारविले. तीनच महिन्यांनी, जुलै १८०१ मध्ये, यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा धुव्वा उडविला आणि उज्जैनकरांकडून जबर खंडणी वसूल केली. महाकालाच्या नगरीने मराठ्यांच्या हातून मराठ्यांची राजधानी लुबाडली जाताना पाहिली. ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. वर्षभराने, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरच्या मैदानावर यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेस गारद केले. पेशवे पुण्यातून निघाले ते सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग करीत, शेवटी इंग्रजी जहाजातून वसईस. वाटेत त्यांचे जहाज रेवदंड्यास लागले. तेही एके काळचे पोर्तुगीज नगर.

वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी कर्नल बॅरी क्लोज याच्याशी तह झाला. निदान सहा हजार इंग्रजी पायदळ पेशव्यांनी कायम पदरी ठेवावे, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, इतर यूरोपीयांस थारा देऊ नये, इतर दरबारांशी इंग्रजांस विचारल्याखेरीज बोलणे करू नये. चिमाजीअप्पांनी ज्या नगरातून एका यूरोपीय सत्तेस सन्मानाने बाहेर काढले, त्याच नगरात त्यांच्या नातवाच्या पिढीतील पेशव्याने दुसऱ्या यूरोपीय सत्तेस आपल्या राज्याची किल्ली दिली. बहादुरशहाचा तह येथे पुन्हा एकवार घडला. पेशवे मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या आधाराने पुण्यास आले. शिंद्यांनी हा तह मानला नाही, पण असईच्या पराभवानंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी, वसईच्या तहास वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, सुर्जी-अंजनगाव येथे त्यांनाही तो मान्य करावा लागला. १८१० मध्ये दौलतरावांनी उज्जैन सोडून राजधानी ग्वाल्हेरास नेली. वसईस १७३९ मध्ये शिंदे आणि होळकर एका छावणीत होते, हे ध्यानात ठेवून ही तीन वर्षे वाचली पाहिजेत.

इंग्रजांस वसईच्या कोटाचे प्रयोजन उरले नाही; त्यांचे मुंबई बंदर समोर होते. छपरे कोसळली, वाड्यांच्या भिंतींतून वड-पिंपळ उगवले, चर्चांच्या मनोऱ्यांत घारींनी घरटी केली. कोट आता पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. कोटाबाहेरचा मुलूख मात्र कधी ओस पडला नाही. आगाशी-विरारच्या बाजूची राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी आणि वसईची खायची पाने दूरदूर जात राहिली. पानांच्या करंड्या रेल्वेने उत्तरेकडे रवाना होत. सामवेदी आणि वाडवळी या बोली आजही ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही घरांतून ऐकू येतात. इमारतींच्या लोंढ्यापासून या बागायती वाचाव्यात म्हणून १९८० नंतरच्या दशकात 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईच्याच मातीतले मराठी लेखक. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर कसा, अशी कुरकूर काही जणांनी केली. चिमाजीअप्पांच्या तहातील अटी त्यांनी वाचल्या नसाव्यात. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, आणि बागा आणि इमारती यांचा तंटा अद्याप मिटलेला नाही.

दर्या दरवाजातून आज बाहेर पडले की खाडीच्या काठी पाचूबंदरचा कोळीवाडा लागतो. होड्या ओढून ठेवलेल्या असतात, बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, आणि कोळणी त्यांवर नजर ठेवीत, कोटाच्या पडक्या तटाच्या सावलीत, जाळ्यांशेजारी बसलेल्या असतात.